आत्या, मी आणि सम्राटांचं आजोळ

पहिला दिवस, रविवार

माझी आत्या बँकेतून रिटायर झाली तेव्हापासून तिचा एकच उद्योग चालू आहे, आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती. कुणाचा खापरपणजोबा कोकणातून वाईला कधी आला, कोण कुणाला दत्तक गेलं, कुणाची मुलगी कुठे दिली, सगळं तोंडपाठ. ती तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे तोक्योला आली तेव्हा मला वाटलं आसाकुसा दाखवू, फुजी दाखवू, झालं. पण तिसऱ्याच दिवशी टीव्हीवर राजघराण्याची कसलीतरी बातमी चालू होती आणि तिने विचारलं, "यांचं आडनाव काय गं?"

म्हटलं, यांना आडनावच नाही. (खरंच नाही, जपानच्या सम्राटाच्या घराण्याला आडनाव नसतं.) आत्या सरसावून बसली. "मग यांच्या बायकांना माहेरचं आडनाव असेल ना?"

तर ते होतं, आणि हजारभर वर्षं बहुतेक वेळा एकच होतं: फुजिवारा. नंतर त्या घराण्याच्या शाखा पडल्या, नावं बदलली, पण मूळ तेच. त्या एका प्रश्नापायी ही पाच दिवसांची ट्रिप झाली, क्योतो, नारा आणि उजी.

नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून आम्ही दोघीच. शिन्कान्सेनने सव्वादोन तास. फुजी दिसावा म्हणून मुद्दाम उजवीकडची सीट घेतली होती, तर तो पूर्ण ढगात. आत्याने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला, वास सगळ्या डब्यात, मी आपली खिडकीबाहेर बघत बसले. पुऱ्या खाता खाता तिला कुगे म्हणजे काय ते सांगितलं. सामुराई वेगळे आणि कुगे वेगळे. कुगे म्हणजे सम्राटाच्या दरबारातली खानदानी मंडळी, लढाई वगैरे त्यांचं काम नाही, त्यांचं काम कविता, पंचांग, पोशाख, पूजाअर्चा, पदव्या आणि कोण कुठे बसणार. "म्हणजे भिक्षुक आणि कारकून यांच्या मधलं काहीतरी," आत्या म्हणाली. मी हो म्हटलं, यापेक्षा बरी व्याख्या मला पण सुचली नसती.

दुसरा दिवस, सोमवार

सोमवारी जुना राजवाडा, म्हणजे गोशो, बंद असतो. हे मला माहीत असायला हवं होतं, वेबसाईटवर स्वच्छ लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. आत्या काही बोलली नाही पण तिची ती नजर मला लहानपणापासून ओळखीची आहे.

पण वाड्याभोवतीची बाग, क्योतो ग्योएन, ती उघडीच असते, आणि खरं सांगायचं तर कुगे लोकांचा शोध घ्यायचा तर तीच जागा. साधारण १.३ किलोमीटर लांब आणि ७०० मीटर रुंद, आता नुसती झाडं आणि खडीचे भलेमोठे रुंद रस्ते. पण १८६९ पर्यंत इथे बाग नव्हती, वस्ती होती, वाड्याला चिकटून कुगे लोकांची दीडएकशे घरं, गल्ल्या, भिंती. सम्राट तोक्योला गेला आणि मागोमाग हे सगळे पण गेले, घरं ओस पडली, पाडली, आणि झाली बाग. आता ठिकठिकाणी लाकडी पाट्या आहेत, इथे कोनोए यांचं घर होतं, इथे ताकात्सुकासा, इथे साइओन्जी. "पेशव्यांचे सरदार पुण्यातून गेले की वाड्याच्या जागी सोसायटी होते, इथे निदान झाडं लावली," इति आत्या.

खडीत चालणं हा मात्र प्रकार आहे. आत्याचे गुडघे. पण तिथले सायकलवाले रोज एकाच रेषेतून जातात, त्यामुळे त्या अवाढव्य खडीच्या रस्त्यात वीतभर रुंदीची कडक मातीची पायवाट तयार झालेली असते, सापासारखी. आम्ही दोघी त्या पायवाटेवरून एकामागे एक, आणि मागून सायकल आली की खडीत उतरायचं.

सकाळी आधी इमादेगावा स्टेशनवरून बाहेर आलो तर समोरच विद्यापीठाला चिकटून एक जुनं घर दिसतं, पांढरी भिंत, मोठा दरवाजा, बंद. हे रेइझेइ घराणं. १७८८ च्या मोठ्या आगीनंतर १७९० ला बांधलेलं, आणि कुगे लोकांचं पूर्णपणे शाबूत राहिलेलं असं हे एकच घर, कारण सगळे तोक्योला गेले तेव्हा हे गेले नाहीत. आत जाऊ देत नाहीत एरवी. यांचा घराण्याचा धंदा म्हणजे कविता. हो, धंदाच म्हणायचा. प्रत्येक घराण्याचं एक खातं ठरलेलं असायचं, यांचं कविता, साइओन्जींचं बिवा नावाचं वाद्य, यामाशिनांचं दरबारी कपडे, आणि आसुकाइ नावाच्या घराण्याचं फुटबॉल! केमारी म्हणून एक खेळ होता, कातडी चेंडू पायाने उडवत ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही. इमादेगावावरून सरळ पश्चिमेला चालत गेलं तर त्या आसुकाइंच्या जागेवर आता शिरामिने नावाचं देऊळ आहे आणि तिथे फुटबॉलवाले येऊन नवस बोलतात. देवासमोर खरेखुरे फुटबॉल ठेवलेले बघून आत्या पाच मिनिटं हसत होती. साइओन्जींच्या जागेवर तर ग्योएनमधेच शिराकुमो म्हणून छोटंसं देऊळ आहे, तिथली देवी बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. वीणेच्या ऐवजी बिवा. आत्याने चपला काढून नमस्कार केला, तिथे काढायची पद्धत नाही, पण कोण सांगणार.

मग ग्योएनच्या ईशान्य कोपऱ्यात गेलो आणि तिथे जे सापडलं त्यासाठी ही ट्रिप वसूल झाली असं मी म्हणेन. एक साधंसं कुंपण, आत जुनं घर, एक विहीर, पाटी: नाकायामा यांचं घर. १८५२ साली इथे सम्राट मेइजी जन्मला. राजवाड्यात नाही, इथे. वाडा पाच मिनिटांवर आहे!

कारण त्याची आई, नाकायामा योशिको, ही सम्राट कोमेइची उपपत्नी, आणि बाळंतपणाला ती माहेरी आली होती. बाळंतपणाचा विटाळ वाड्यात नको म्हणून तशीच पद्धत होती. आजोबा नाकायामा तादायासू यांच्याकडे पैसे बेताचे, बाळंतिणीची खोली बांधायला कर्ज काढावं लागलं. आणि बाळ नुसतं जन्मलं नाही, पुढची चारेक वर्षं तिथेच वाढलं. विहिरीला त्याच्या लहानपणच्या नावावरून साची-नो-इ म्हणतात.

"म्हणजे हा आजोळी वाढला," आत्या म्हणाली. तिने पिशवीतून वही काढली, दोनशे पानी, बँकेचं कॅलेंडर कापून कव्हर घातलेली. "पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्यासारखंच की."

मी म्हटलं, आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं आणि सव्वा महिन्याने, फार तर तीन महिन्यांनी सासरचे येऊन घेऊन जातात. यांच्याकडे जुन्या काळी, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, मुलगी लग्नानंतरही बरेचदा माहेरीच राहायची, नवरा यायचा-जायचा. सम्राटाची बायको वाड्यात जायची खरी, पण दिवस गेले की परत वडिलांकडे, मूल तिथेच जन्मणार, तिथेच रांगणार. आता विचार कर, ते मूल उद्या सम्राट झालं तर ते ऐकणार कोणाचं? बाप कधीतरी दिसणारा, आणि आजोबा रोज मांडीवर घेणारे.

आत्याने पेन थांबवलं. "म्हणजे राज्य आजोळचं."

तिथून दक्षिणेला थोडं चाललं की त्याच बागेत आणखी एक पाटी लागते, नुसती पाटी, बाकी काही नाही: त्सुचिमिकादो वाड्याची जागा. हा फुजिवारा मिचिनागाचा वाडा, आणि मिचिनागा म्हणजे या सगळ्या प्रकाराचा उस्ताद. १००८ साली त्याची मुलगी शोशी, सम्राट इचिजोची बायको, इथे बाळंत झाली. 'गेन्जी'ची कहाणी लिहिणारी प्रसिद्ध लेखिका मुरासाकी शिकिबू ही शोशीच्या पदरी होती आणि तिने तो सगळा प्रसंग आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलाय. भुतं पळवायला आलेल्या भिक्षूंचा मंत्रघोष, पांढरे पडदे, घाबरलेल्या दासी, आणि मुलगा झाल्यावर मिचिनागाचा आनंद. एकदा तो नातवाला घेऊन बसला असताना नातवाने त्याच्या अंगावर शू केली, तर हा देशाचा सर्वेसर्वा माणूस रेशमी कपडे ओले झाले म्हणून वैतागायच्या ऐवजी ते शेगडीवर वाळवत खूश होऊन सगळ्यांना दाखवतोय.

नातू झालाय म्हणून खूश, हे तर आहेच. पण सगळा हिशोब पण जमला होता ना.

रात्री हॉटेलच्या खोलीत आत्याने मिचिनागाची वंशावळ काढायला घेतली आणि दीड तासाने डोकं धरून बसली. कारण चौकटीत बसेना. मिचिनागाची बहीण सेन्शी, ती सम्राट इचिजोची आई. म्हणजे इचिजो हा मिचिनागाचा भाचा. त्याला दिली मुलगी शोशी, म्हणजे भाचा तोच जावई. ठीक आहे, मामाची मुलगी, आपल्याकडेही करतात. दुसऱ्या बहिणीचा मुलगा सम्राट सान्जो, त्याला दुसरी मुलगी केन्शी. दुसरा भाचा, दुसरा जावई. मग शोशीचा तो शू करणारा मुलगा मोठा होऊन सम्राट गो-इचिजो झाला, त्याला दिली तिसरी मुलगी इशी. म्हणजे त्याची सख्खी मावशी! वयाने आठनऊ वर्षांनी मोठी. आणि त्याच्या धाकट्या भावाला, पुढचा गो-सुझाकु, आणखी एक मुलगी किशी, ती पण मावशी.

"दोन भाचे जावई आणि दोन नातू जावई," आत्या म्हणाली, "आणि या पोराने आपल्या मावशीला हाक काय मारायची?"

मला उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट तिला फार आवडली. ९९५ साली मिचिनागाचे दोन्ही सख्खे मोठे भाऊ लागोपाठ वारले, आणि आता कारभार पुतण्याकडे जाणार की याच्याकडे असा पेच होता. तरुण सम्राटाचा कल पुतण्याकडे होता. तेव्हा सेन्शीने, म्हणजे सम्राटाच्या आईने, मुलाच्या मागे लागून लागून भावाचं काम करून दिलं. ही सेन्शी मिचिनागाच्या पोरींची कोण? आत्या! आणि पुढे शोशीची सासू पण तीच झाली (झाली म्हणजे, नातं ते). गावाकडे सुना अजून सासूला आत्याबाई म्हणतात ते याच हिशोबाने, मामाच्या मुलीशी लग्न झालं की नवऱ्याची आई आपली आत्याच असते. "बघ," आमची आत्या म्हणाली, "आत्या नसती तर तुझा तो मिचिनागा बसला असता घरी." आणि दिवा बंद करून झोपली.

तिसरा दिवस, मंगळवार

गोशो उघडा. फुकट आहे, बुकिंग पण लागत नाही, पश्चिमेच्या दारावर बॅग तपासतात आणि सोडतात. आताच्या बहुतेक इमारती १८५५ च्या आहेत कारण त्याआधीच्या परत परत जळल्या. आत कुठेही शिरता येत नाही, बाहेरूनच बघायचं.

मला आवडलं ते सुरुवातीलाच, थांबायच्या तीन खोल्या. सम्राटाला भेटायला आलं की आपल्या दर्जाप्रमाणे बसायचं, वाघाची चित्रं असलेली खोली सगळ्यात वरच्यांना, क्रौंच पक्ष्यांची मधल्यांना, चेरीच्या फुलांची सगळ्यात खालच्यांना. आणि चेरीवाल्यांना छपराच्या मोठ्या पोर्चमधून यायची परवानगी नाही, त्यांनी बाजूने दगडावर चपला काढून चढायचं. आत्या तिथे बराच वेळ उभी होती. तिच्या बँकेच्या झोनल ऑफिसात म्हणे असंच होतं, फक्त वाघ-बिघ नव्हते, खुर्चीला हात आहेत की नाहीत यावरून कळायचं.

दर्जा म्हणजे किती तर अगदी जातीसारखा जन्माने ठरलेला. सगळ्यात वर पाच घराणी, कोनोए, कुजो, निजो, इचिजो, ताकात्सुकासा, तेराव्या शतकात फुजिवारांच्या मुख्य शाखेतून फुटलेली. सम्राट लहान असला की त्याच्या वतीने कारभार बघणारा सेश्शो आणि मोठा झाल्यावर काम्पाकु, ही दोन पदं फक्त या पाचांतच फिरायची. त्यांच्याखाली आणखी पायऱ्या, एकूण एकशे सदतीसच्या आसपास घराणी.

या पाचांच्या बाहेरचा माणूस काम्पाकु झाला असं फक्त एकदाच, १५८५ ला तोयोतोमी हिदेयोशी, आणि मग त्याचा पुतण्या. हिदेयोशी शेतकऱ्याच्या घरातला, तलवारीवर देश जिंकलेला, पण त्यालासुद्धा त्या पदासाठी आधी कोनोएंच्या घरात कागदोपत्री मुलगा म्हणून जावं लागलं. बाप आणि मुलगा जवळपास एकाच वयाचे! आत्या म्हणे, दत्तकाचे असले कागद मी पण पाहिलेत.

आणि उलटी गंमत पण आहे. थोड्याच वर्षांनी कोनोएंना वारस नव्हता तेव्हा सम्राट गो-योझेइचा मुलगाच त्यांच्याकडे दत्तक आला. त्याची आई कोनोएंची मुलगी, म्हणजे पोरगा मामाला दत्तक गेला. तेव्हापासून कोनोएंमधे बापाकडून राजघराण्याचं रक्त. विसाव्या शतकात पंतप्रधान झालेला कोनोए फुमिमारो हा त्यांचाच, ज्याने १९४५ च्या डिसेंबरमधे अटक व्हायच्या आधी विष घेतलं. त्याच्या मुलीचा मुलगा होसोकावा मोरिहिरो १९९३ ला पंतप्रधान झाला, आणि त्या होसोकावाचा धाकटा भाऊ आईच्या माहेरी, कोनोएंकडे, दत्तक गेला आणि त्याने लग्न केलं राजघराण्यातल्या मुलीशी. आत्याने वहीत हे लिहिताना मला तीनदा थांबवलं.

एक फजिती पण सांगून टाकते. बाहेर पडून आम्ही वाड्याच्या भिंतीच्या ईशान्य कोपऱ्याकडे गेलो. तिथे भिंत मुद्दाम आत कापलेली आहे, कोपराच ठेवलेला नाही, आणि वर जाळीच्या मागे एक लाकडी माकड, कारण ईशान्य म्हणजे त्यांच्याकडे भुतं यायची दिशा. आत्याला हे पटेचना, आपल्याकडे देवघर ईशान्येला असतं! नीट बघायला म्हणून ती नालीच्या पलीकडे भिंतीजवळ गेली आणि एकदम अलार्म, मग लाऊडस्पीकरवर बाई बोलायला लागली. भिंतीजवळ गेलं की सेन्सर वाजतो. आम्ही दोघी खडीतून जेवढं पळता येईल तेवढं पळालो.

दुपारी बागेच्या दक्षिण टोकाला कुजोंचं तळं. घर नाही राहिलेलं, तळं आणि त्याकाठचं चहाचं घर तेवढं आहे. आत्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे संपतं म्हणून तिला आणलं होतं. मेइजीच्या वडिलांची पट्टराणी कुजोंची. मेइजीची इचिजोंची. आणि मेइजीच्या मुलाला, ताइशोला, १९०० साली परत कुजोंची, सादाको. तिला लहानपणी तोक्योबाहेर शेतकऱ्याच्या घरी वाढायला ठेवलं होतं, उन्हात हिंडून रंग रापलेला, सगळे तिला कुजोंची काळी राजकन्या म्हणायचे. तिला चार मुलगे झाले, थोरला हिरोहितो. आताच्या सम्राटांची ती पणजी. या घराण्यांतून आलेली शेवटची सम्राज्ञी तीच. १९४७ ला नव्या राज्यघटनेने सगळ्या सरदारक्या बंद केल्या आणि १९५९ ला युवराजाने लग्न केलं ते पिठाच्या गिरण्या असलेल्या उद्योगपतीच्या मुलीशी.

"पिठाची गिरणी," आत्या म्हणाली. म्हटलं अगं आपल्या कोपऱ्यावरच्या सारखी नाही, कंपनी आहे मोठी.

चौथा दिवस, बुधवार

नारा. किन्तेत्सुच्या गाडीने पाऊण तासाच्या आत.

हे फुजिवारांचं मूळ गाव म्हटलं तरी चालेल. स्टेशनवरून वर चढलं की कोफुकुजी, त्यांच्या घराण्याचं बौद्ध देऊळ, ७१० पासून. त्याचा प्रसिद्ध पाच मजली पॅगोडा दुरुस्तीसाठी पूर्ण झाकलेला, आम्हाला फक्त एक मोठं खोकं दिसलं. पुढे जंगलात कासुगा, ते त्यांचं कुलदैवत. कुलदैवत हाच शब्द बरोबर, चार देवांपैकी एक आमेनोकोयाने हा या घराण्याचा मूळपुरुष मानतात. पुराणातली गोष्ट अशी की सूर्यदेवी आमातेरासू गुहेत लपली तेव्हा तिला बाहेर काढायला ज्याने स्तोत्र म्हटलं तो हा, आणि तिचा नातू पृथ्वीवर राज्य करायला उतरला तेव्हा त्याच्याबरोबर हा पण उतरला. सम्राट त्या नातवाच्या वंशातले. म्हणजे नातं थेट स्वर्गातून सुरू, असं यांचं म्हणणं.

कागदावरचं नातं मात्र ६६९ पासून. नाकातोमी नो कामातारी याने ६४५ ला राजपुत्राबरोबर कट करून त्या वेळच्या बलाढ्य सोगा घराण्याची सत्ता संपवली, आणि तो मरणाला टेकला तेव्हा सम्राट झालेल्या त्या मित्राने त्याला फुजिवारा हे नाव दिलं. फुजी म्हणजे विस्टेरियाची वेल (डोंगर नाही, तो वेगळा). आणि आम्ही एप्रिलच्या शेवटी गेलो होतो तर कासुगाच्या अंगणात ती वेल फुललेली, जांभळे घोस खाली लोंबत, इतके लांब होतात की वाळूला टेकतात म्हणून तिचं नावच वाळूघाशी अशा अर्थाचं. देवळाच्या पुजारणींच्या केसांत पण तीच फुलं. रस्त्याभर दगडी दिवे, आत ब्राँझचे, सगळे मिळून तीन हजारच्या घरात, भक्तांनी दिलेले.

आणि हरणं. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला म्हणून ती पवित्र. आत्याने दोनशे येनची बिस्किटं घेतली, हरणं मान लववून नमस्कार करतात त्यावर ती एकदम फिदा, दोन्ही हात जोडून उलट नमस्कार करत होती, आणि तेवढ्यात एकाने मागून पिशवीत तोंड घालून वही ओढली. मी ओरडेपर्यंत एक पान गेलं. सोमवारी रात्रीचं, मिचिनागाचं. चावून चावून खाल्लं आणि परत नमस्कार केला.

आत्या इतकी गप्प झाली की मी मुकाट्याने तिला तोदाइजीकडे घेऊन गेले. तिथला प्रचंड बुद्ध बांधला सम्राट शोमूने. ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा मान दिला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला, यावर आत्याचा चेहरा जरा सैल झाला. शोमूची आई कामातारीच्या मुलाची, फुहितोची मुलगी. शोमूची बायको कोम्यो, ती पण फुहितोचीच मुलगी, दुसऱ्या आईची. परत मावशी! मिचिनागाच्या तीनशे वर्षं आधी. ७२९ ला कोम्यो पट्टराणी झाली, राजघराण्याबाहेरची पहिलीच, आणि त्याच वर्षी, काही महिने आधी, आडवा येईल असा राजपुत्र नागाया याच्यावर आरोप ठेवून त्याला आत्महत्या करायला लावली होती. आठ वर्षांनी देवीची साथ आली आणि कोम्योचे चारही भाऊ एका वर्षात गेले. लोक म्हणाले नागायाचा शाप.

बुद्धाच्या मागे शोसोइन म्हणून लाकडी कोठार आहे, शोमू गेल्यावर कोम्योने त्याच्या वस्तू देवाला वाहिल्या त्या इथे ठेवल्या होत्या. फक्त बाहेरून बघता येतं, ते पण कामाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. आम्ही अडीचला पोचलो. उंच खांबांवर ओंडक्यांचं कोठार, बाकी काही दिसत नाही. पण त्या वस्तूंमधे कोम्योच्या हातची एक गुंडाळी आहे, ७४४ सालची, चिनी मजकुराची नक्कल, ठसठशीत अक्षर. शेवटी सही काय आहे? सम्राज्ञी वगैरे नाही. "फुजिवारांची तिसरी मुलगी."

आत्या कठड्याला टेकून उभी राहिली. "पंधरा वर्षं झालेली ना राणी होऊन?" म्हटलं हो. "आणि सही माहेरची." वहीत तिने हे एवढंच लिहिलं, दुसरं काही नाही.

पाचवा दिवस, गुरुवार

उजी क्योतोपासून ट्रेनने वीसेक मिनिटं. ट्रेनमधे मी हरणाने खाल्लेलं पान आठवून आठवून परत सांगत होते आणि आत्या लिहीत होती, चुका काढत. तिला माझ्यापेक्षा जास्त लक्षात होतं.

ब्योदोइन म्हणजे दहा येनच्या नाण्यावरची इमारत. आत्याने नाणं हातात धरून समोर धरलं, सगळेच तसा फोटो काढतात, आम्हीपण काढला. मिचिनागाचा इथला बंगला, त्याचा मुलगा योरिमिची याने १०५२ ला त्याचं देऊळ केलं, पुढच्या वर्षी हा तळ्यातला हॉल. आत जायचं वेगळं तिकीट, तीनशे येन, पन्नास पन्नास माणसांचा गट, पाऊण तास थांबायला लागलं, तेवढ्यात माच्चाचं आइस्क्रीम (चहाचं गाव आहे, सगळं हिरवं). आत अमिदा बुद्ध सोनेरी, शांत, आणि भिंतींवर ढगांवर बसलेल्या बावन्न लहान मूर्ती, कोणी ढोल वाजवतंय, कोणी बासरी, कोणी नुसतं नाचतंय. मरताना हे सगळे घ्यायला येणार अशी कल्पना. गाइड बाई जपानीत भरभर सांगत होती, मी अर्धं भाषांतर करत होते, आत्या वर बघत होती, म्हणाली, "भजनी मंडळ आहे."

बाहेर तळ्याकाठी बसून तिला मिचिनागाची कविता सांगितली. १०१८ साली तिसरी मुलगी पण सम्राज्ञी झाली, एका घरातल्या तीन, त्या रात्रीच्या मेजवानीत हा म्हणाला, साधारण असं की हे जग माझंच आहे असं वाटतं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कशाचीच उणीव नाही. खरं म्हणजे त्याने सानेसुके नावाच्या सरदाराला आधीच सांगितलं होतं की उत्तरादाखल तू पण एक कविता कर. सानेसुकेला ते नको होतं. तो म्हणाला, एवढ्या सुंदर कवितेला मी काय उत्तर देणार, त्यापेक्षा आपण सगळे मिळून हीच म्हणू या. आणि सगळ्यांनी म्हटली. घरी जाऊन सानेसुकेने हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ही कविता माहीत. मिचिनागाच्या स्वतःच्या डायरीत नाही! त्याची डायरी पण आहे बरं का, त्याच्याच हस्ताक्षरात, चौदा गुंडाळ्या, कोनोए घराण्याने सांभाळलेल्या. पंचांगाच्या गुंडाळीवर तारखांच्या मधे जी कोरी जागा असते त्यात लिहायचा, आणि जागा संपली की मागच्या बाजूला.

"म्हणजे कालनिर्णयावर दुधाचा हिशोब," आत्या म्हणाली. अगदी तेच.

आणि मग गणित फसलं कसं? इतकं साधं आहे की हसू येतं. योरिमिची पन्नासएक वर्षं कारभारी राहिला, पण त्याच्या मुलींना मुलगा झाला नाही. बस. सगळी यंत्रणा मुलीच्या पोटी मुलगा होण्यावर, आणि तो झाला नाही. १०६८ ला सम्राट झाला गो-सान्जो, ज्याची आई फुजिवारा नव्हती, राजकन्या होती. एकशे सत्तर वर्षांनी पहिल्यांदा. (तिची आई मिचिनागाची केन्शी, म्हणजे पणजोबा कोण ते सांगायला नको, पण पणजोबा मेलेले, घर वेगळं.) त्यानंतर फुजिवारांना पदं राहिली, मुली दिल्या जात राहिल्या, पण सम्राटाच्या कानाशी आजोबा राहिला नाही. पुढे ताइरा नावाच्या सामुराई घराण्याने हेच करून पाहिलं, मुलगी दिली, नातू सम्राट केला, तो सहा वर्षांचा असताना ११८५ च्या लढाईत समुद्रात बुडाला. नंतर तोकुगावा शोगुनांनी पण केलं. फॉर्म्युला सगळ्यांना माहीत होता.

परतीच्या वाटेवर दोन स्टेशनं अलीकडे कोहाता म्हणून लागतं. तिथे कोणी टूरिस्ट उतरत नाही. साधी वस्ती, घरं, दारातल्या सायकली, वाळत घातलेले कपडे, आणि मधेमधे कुंपण घातलेल्या, झाडं वाढलेल्या लहान टेकड्या, प्रत्येकीला नंबराचा दगड आणि राजघराण्याच्या खात्याची पाटी. हे फुजिवारांचं स्मशान. इथे त्यांच्या मुली आहेत, ज्या सम्राटांच्या बायका झाल्या, सम्राटांच्या आया झाल्या. सासरी नाही, इथे. कोणत्या टेकडीखाली कोण ते ठरवता येत नाही, म्हणून सगळ्यांना मिळून नमस्कार करायची एकच जागा. मिचिनागा पण इथेच कुठेतरी.

आत्याने विचारलं, शोशी, इशी ही त्यांची खरी नावं का? म्हटलं, अक्षरं खरी, पण त्यांना घरात काय हाक मारायचे ते माहीत नाही, म्हणून चिनी पद्धतीने वाचतात. आणि जुन्या वंशावळींत पुष्कळ मुलींच्या जागी तर नुसतं "मुलगी" लिहिलेलं असतं.

"आमच्या जुन्या कुलवृत्तांतात मी आहे ना," आत्या म्हणाली, "'कन्या एक, विवाहित.' वडिलांच्या चुलत्यांनी छापलेला."

प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलो, गाडीला बारा मिनिटं होती. तिने वही काढली आणि मला विचारलं, "नव्या आवृत्तीत तुझं कसं लिहू, माहेरचं की सासरचं?" म्हटलं दोन्ही लिही. तिने मिचिनागाचं पान उघडलं, ते तर काठोकाठ भरलेलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मग तिने पान उलटलं आणि मागच्या बाजूला सुरुवात केली, आधी स्वतःचं नाव, मग माझं.